हरणारी बाजू माझी

आमच्या विभागाच्या पाटीवर संगणकशास्त्र असं लिहिलेलं होतं, आणि त्या एका शब्दाने माझ्या आयुष्यात जेवढा घोळ घातला तेवढा दुसऱ्या कशानेच घातला नसेल. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. नारायण पेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मला 'कॉम्प्युटरवाली' म्हणत. मावशीला वाटायचं की मी घरबसल्या रेल्वेचं रिझर्व्हेशन करून देऊ शकते आणि मुद्दाम देत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांचा टीव्ही बिघडला की ते आधी मला बोलवायचे, मी काही केलं नाही की मग मेकॅनिकला. खरी गोष्ट अशी की विभागातल्या कॉम्प्युटरला मी महिनोन्‌महिने हात लावत नसे. तो एका थंड खोलीत फुलाफुलांच्या कव्हराखाली झाकून ठेवलेला असे आणि त्याच्या दर्शनाला चपला बाहेर काढून जावं लागे. आमचं काम कागद, पेन्सिल आणि फळा यांवर चाले. एखादं काम कॉम्प्युटरला झटपट जमेल की जन्मभर बसला तरी जमणार नाही, हे त्याला न विचारता ठरवायचं, असा तो सगळा प्रकार होता.

हे मी आईला एकदा समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे काम करायचं नाही, ते होईल की नाही एवढंच सांगायचं," ती म्हणाली. मी म्हटलं, साधारण तसंच. "मग तुझे वडील तीस वर्षं बँकेत काय वेगळं करत होते," असं म्हणून ती गवार निवडायला लागली.

माझे गाईड सदाशिव पेठेतून स्कूटरवर यायचे. उन्हाळ्यातसुद्धा त्यांच्या अंगात बिनबाह्यांचा स्वेटर असे, आणि कारण विचारलं तर "थंडी आली की परत कुठे शोधत बसायचा" असं उत्तर मिळे. सगळ्या विद्यार्थ्यांना ते 'अहो' आणि 'आपण' म्हणत. हा आदर आहे असं नव्या मुलांना वाटे. काही दिवसांत त्यांना कळायचं की सर जेवढे आदराने बोलताहेत तेवढी आपली धडगत नाही. दारात उभं राहून कोणी "आत येऊ का सर" विचारलं तर "दार उघडं आहे, भिंतीतून येणार असाल तर विचारा" म्हणायचे. सिद्धता मांडताना 'हे तर उघडच आहे' असं कोणी म्हणालं तर खुर्ची पुढे ओढून घेत. "उघड आहे ना? मग दोन मिनिटांत दाखवाल आपण." त्या दोन मिनिटांत भल्याभल्यांची पीएच.डी. वर्षभर लांबलेली मी पाहिली आहे.

सरांनी त्या वर्षी दोन विद्यार्थिनी घेतल्या, एक मी आणि दुसरी माझी मैत्रीण. तेव्हा ती मैत्रीण नव्हती, समोरच्या खुर्चीवरची बाई होती. तिच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या पुण्यात गेल्या होत्या, आणि रविवार पेठेत तिच्या वडिलांचं रेक्झिन आणि बॅगांचं दुकान होतं. घरी ती हिंदी बोलायची आणि बाहेर असं मराठी, की आमच्या सरांनीही सांभाळून बोलावं. तिचं नाव ऐकून लोक हमखास कौतुकाने म्हणायचे, "तुमचं मराठी छान आहे हो." त्यावर ती तितक्याच कौतुकाने म्हणायची, "तुमचंही बरं आहे." विश्रांतवाडीच्या बाजूला एका कॉलेजात ती शिकवत असे आणि अभ्यासरजा घेऊन आमच्याकडे आली होती. रजा मोजून मापून दिलेली होती. प्रबंध त्या मुदतीत झाला तर वरच्या वर्गांना शिकवायला मिळणार होतं आणि पुढची सगळी वाट मोकळी होणार होती. नाही झाला तर पुन्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना फ्लॉपी कुठल्या बाजूने आत घालायची ते दाखवत बसायचं. प्राचार्यांनी हे तिला जाताना दोनदा ऐकवलं होतं. म्हणजे दुसऱ्यांदा ऐकवलं तेव्हा ती स्कूटरला किक मारत होती.

सरांनी आम्हां दोघींना एकच प्रश्न दिला, ही त्यांची पद्धत. प्रश्न समजायला अवघड नाही, निदान पुण्यात राहणाऱ्याला तरी. समजा एखाद्या गावात दिवसातून तीन वेळा पाणी सोडतात, पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी. प्रत्येक वस्तीच्या वाट्याला यातली एकच वेळ. ज्या दोन वस्त्या एका पाईपवर आहेत त्यांना एकाच वेळी पाणी सोडलं तर दोघींनाही थेंब मिळत नाही, म्हणून त्यांच्या वेळा वेगळ्या हव्यात. आता पाइपांचा नकाशा बघून एवढंच सांगायचं, की असं वेळापत्रक बसतं की नाही. नकाशा कसाही असेल तर हे काम भयंकर अवघड आहे हे जगाला माहीत होतं. पण सरांनी नकाशांचा एक खास प्रकार काढला होता, आणि त्या प्रकारापुरतं ते सोपं आहे की अवघड, हे कोणालाच माहीत नव्हतं. सोपं म्हणजे कितीही मोठा नकाशा आला तरी झटपट उत्तर देणारी रीत सापडणं.

मैत्रिणीला सरांनी सांगितलं, हे सोपं आहे असं दाखवा. मला सांगितलं, हे अवघड आहे असं दाखवा. दोन्ही खरं असू शकत नाही हे कळायला आम्हांला संशोधन करायची गरज नव्हती. जी जिंकेल तिचा प्रबंध आणि जी हरेल तिला नमस्कार. मी धीर करून विचारलं, "सर, दोघींपैकी एकीची वर्षं वाया जाणार ना?" सर म्हणाले, "आपण आधीच सांगा कोणाची, म्हणजे तिला आजच घरी पाठवू."

वर आणखी एक नियम होता. आम्ही एकाच टेबलावर बसायचं, डबा एकत्र खायचा, वाटलं तर नाटकाला जायचं, पण या प्रश्नाबद्दल एकमेकींशी एक अक्षर बोलायचं नाही. बोललं की दोघींचा कल एकीकडे होतो, आणि चूक असली तर दोघी मिळून चुकतात, असं सरांचं म्हणणं. आम्ही दोघीही नियम पाळणाऱ्या घरांतल्या. टेबलाच्या मधोमध आम्ही जाडजूड पुस्तकं उभी करून भिंत घातली. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे ती. तिच्या आईने केलेली खिमा-कचोरी आणि माझ्या आईची अळूवडी या भिंतीवरून सुखाने ये-जा करत. तिच्या सासूबाई, तिच्या नणंदा, मला बघायला आलेली स्थळं, सगळ्यांची चर्चा त्या भिंतीवरून होई. एक मुलगा मला बघायला आला होता, त्याने विचारलं की संशोधन कशावर चाललंय. "अशक्य गोष्टींवर," मी म्हटलं. हे भिंतीपलीकडे सांगितल्यावर मैत्रीण म्हणाली, "आणि तरी तो बसून राहिला?"

गुरुवारी दुपारी फळा असे. विभागातले सगळे जमत, एकजण फळ्यापाशी उभा राही आणि बाकीचे त्याची सिद्धता मोडायचा प्रयत्न करत. हातात कागद चालत नसे, फक्त खडू. आणि फळ्यावर पूर्ण झालेलंच मांडायचं. अर्धवट काही मांडलं तर सर विचारत, "पाहुण्यांना अर्धी शिजलेली भाजी वाढता का आपण?" त्यामुळे कोण कुठे अडलंय हे कधी कोणाला दिसत नसे. जिंकलेल्या लढाया तेवढ्या फळ्यावर येत आणि हरलेल्या आपापल्या टेबलाच्या खणात पडून राहत. ही पद्धत चुकीची आहे असं तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. इतकी हुशार माणसं एका खोलीत असली की असं होतं.

मैत्रिणीच्या लढाया भराभर जिंकल्या जात होत्या. वस्त्यांना एकामागून एक वेळ देत जायची आणि अडलं की थोडंच मागे येऊन दुरुस्त करायचं, अशी तिची रीत होती. दर महिन्या-दीड महिन्याला ती फळ्यावर यायची आणि नकाशांचा आणखी एक गठ्ठा सोपा ठरवून जायची. सर मान डोलावत. ते मान डोलवायचे म्हणजे इतरांच्या हिशोबाने हार-तुरे झाले. विभागात सगळ्यांची खात्री होती की प्रश्न सोपा निघणार, आणि सरांचीही तीच खात्री असावी, कारण दोघींत हुशार ती होती आणि चांगली बाजू तिला मिळाली होती. माझ्या वाट्याला हरणारी बाजू आली होती. शिपाई मला चहा देताना जरा जास्त साखरेचा देऊ लागला, यावरून मी काय ते ओळखलं.

माझं घोडं अडलं होतं ते एका गाठीवर. गाठ म्हणजे थोड्या वस्त्या आणि थोडे पाईप यांची, सरांच्या प्रकारात चालेल अशी रचना, की तिच्या दोन टोकांच्या वस्त्या एकमेकींना जोडलेल्या नसूनही त्यांना नेहमी एकच वेळ मिळाली पाहिजे. वेळापत्रक कसंही लावा, एकीला दुपार तर दुसरीलाही दुपारच. अशी एक गाठ मिळाली की जगातला कुठलाही अवघड नकाशा मी सरांच्या प्रकारच्या नकाशात बसवून दाखवू शकत होते आणि माझी बाजू सिद्ध होत होती. बाकी सगळं तयार होतं. घर बांधून झालं होतं, फक्त पाया राहिला होता, असं म्हटलं तरी चालेल. मी चौकोनी गाठी काढल्या, लांबट काढल्या, वर्तमानपत्राच्या कडांवर काढल्या, लग्नाच्या पत्रिकांवर काढल्या. प्रत्येक गाठ शेवटच्या क्षणी सुटून जायची.

शेवटचं वर्ष आलं. जूनमध्ये मैत्रिणीची रजा संपणार होती, माझी फेलोशिप संपणार होती आणि पुढच्या वर्षी सरच निवृत्त होणार होते. मार्चमध्ये सरांनी मला बोलावलं. म्हणाले, "अहो, येत्या गुरुवारी आपण फळ्यावर सगळं मांडा. अर्धवट असलं तरी मांडा. काय अडलंय ते सगळ्यांना बघू दे, मग ते बाजूला ठेवू आणि आपल्याला एखादा लहानसा प्रश्न काढून देऊ." एवढ्या मऊ आवाजात ते कधी बोलत नसत. बाहेर आल्यावर मला कळलं की गुरुवारी माझ्या प्रश्नाची शोकसभा आहे आणि भाषण मीच करायचंय.

भिंतीपलीकडे मी हे सांगितलं नाही, नियम होता. पण विभागात बातमी फिरायला कोणाच्या नियमाची गरज लागत नसे. त्या दिवशी तिने आपल्या डब्यातलं सगळं मटण माझ्या ताटलीत घातलं आणि माझं पिठलं खाल्लं. मैत्रिणीचा प्रबंध होणार याचा मला आनंद होता, हे खरं आहे. मला वाईट वाटत होतं, हेही खरं आहे.

गुरुवारी सगळे आले. सर पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. मैत्रीण शेवटच्या रांगेत खिडकीशी. मी खडू घेतला आणि माझं बांधून झालेलं घर फळ्यावर काढत गेले. कोणी अडवलं नाही, कारण शोकसभेत कोणी अडवत नाही. मग मी गाठीपाशी आले. दोन टोकांना दोन ठिपके काढले, मध्ये एक मोठं रिकामं वर्तुळ काढलं आणि सांगितलं, की इथे अशी गाठ हवी आहे, ती मला सापडलेली नाही. सरांनी डोळे मिटले होते. मी थोडा वेळ उभी राहिले. मग फळा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागले, जणू दुसऱ्या वेळी ती गाठ आपोआप येऊन बसणार होती. दुसऱ्यांदा त्या रिकाम्या वर्तुळापाशी आले तेव्हा माझी अक्षरं वाकडी यायला लागली होती.

तेव्हा मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मैत्रीण रांगांमधून वाट काढत फळ्यापाशी आली. खडूचा दुसरा तुकडा उचलला आणि माझ्या रिकाम्या वर्तुळात काढायला लागली. वस्ती, पाईप, वस्ती, पाईप. सफाईने, मध्ये न थांबता, पाठ असलेलं काढावं तसं. काढून झाल्यावर दोन्ही टोकं माझ्या दोन ठिपक्यांना जोडली आणि बाजूला झाली.

"या दोघींना नेहमी एकच वेळ मिळते," ती म्हणाली. "काहीही करा."

सर उठले. फळ्याजवळ गेले. एका टोकाला पहाट दिली आणि बोटाने पाईप धरून पुढे पुढे गेले. दुसऱ्या टोकाला पहाट आली. मग दुपार देऊन पाहिली. मग मधल्या वस्त्यांच्या वेळा उलटसुलट केल्या. आणखी दोघे उठून आले आणि त्यांनी आपापल्या परीने ती मोडून पाहिली. गाठ सुटली नाही. शेवटी सरांनी मैत्रिणीकडे वळून विचारलं, "ही आपल्याकडे कुठून आली?"

"माझी रीत इथेच अडते सर. दिवाळीपासून. बाकी सगळे नकाशे सुटतात, ही आली की अडते. हिला काढून टाकायचा प्रयत्न करत होते."

म्हणजे जी वस्तू मी वर्षभर शोधत होते ती भिंतीपलीकडे दिवाळीपासून पडून होती, आणि तिची मालकीण तिच्यापासून सुटका कशी करून घ्यावी या विवंचनेत होती. मध्ये पुस्तकं होती आणि नियम होता. आम्ही दोघींनी तो अगदी मनापासून पाळला होता.

सर फळ्यापासून दोन पावलं मागे आले. मग म्हणाले, "अहो, आपण आत्ता काय केलंत ते आपल्या लक्षात आलंय ना?"

"हो सर," ती म्हणाली. हातावरचा खडू झटकला आणि जाऊन जागेवर बसली.

लक्षात न येण्यासारखं त्यात काही नव्हतं. माझी बाजू सिद्ध झाली म्हणजे तिची संपली. अगदी काटेकोर बोलायचं तर जगातल्या सगळ्याच अवघड गोष्टी एके दिवशी एकदम सोप्या निघाल्या असत्या तर तिची रीत पुन्हा जिवंत झाली असती, पण तोपर्यंत वाट बघण्याइतकी रजा तिच्या कॉलेजने मंजूर केलेली नव्हती.

मी सरांकडे गेले आणि म्हटलं की प्रबंध दोघींचा मिळून करू. सरांनी मला विद्यापीठाच्या कार्यालयात पाठवलं. तिथल्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एका पदवीत दोन माणसं बसत नाहीत बाई." शोधनिबंध तेवढा दोघींच्या नावाने छापून आला. प्रबंधावर नाव माझं एकटीचं.

मग सरांनी आयुष्यात कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. स्वेटर घालून, स्कूटर काढून ते विश्रांतवाडीला गेले आणि प्राचार्यांना भेटून म्हणाले की या बाईंची रजा एक वर्ष वाढवून द्या. कोणाकडे काही मागायची सरांना सवय नव्हती, आणि ते प्राचार्यांच्या चटकन लक्षात आलं. त्यांनी विचारलं, या संशोधनाचा समाजाला उपयोग काय. सर म्हणाले, "आपल्या कॉलेजचा जेवढा आहे, त्याहून कमी नाही." रजा वाढली नाही. परत आल्यावर सर दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीला म्हणाले, "मी गेलो नसतो तर कदाचित मिळाली असती." ती म्हणाली, "कदाचित सर," आणि मग तिलाच हसू आवरेना. सर आधी रागावले आणि मग तेही हसले. त्यांना हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

जूनमध्ये ती कॉलेजात परतली. टेबलावरची पुस्तकांची भिंत मी काढून कपाटात लावली, आता कोणापासून काय लपवायचं. माझा प्रबंध झाला, पदवी मिळाली, पुढे त्याच विभागात नोकरी लागली. ती रोज विश्रांतवाडीला जात होती, फ्लॉपीच्या जागी सीडी आली, सीडीच्या जागी आणखी काही आलं. तिची लेक शाळेतून कॉलेजात गेली. आम्ही भेटत होतो, डबा खात होतो, आणि त्या गुरुवारचा विषय कधी काढत नव्हतो. मला तो काढायची भीती वाटायची. मी जे काही झाले होते ते तिच्यामुळे झाले होते, आणि ती जे झाली नव्हती तेही त्याच दुपारी ठरलं होतं. असल्या गोष्टीचे आभार कुठल्या शब्दांत मानतात ते मला आजवर कळलेलं नाही.

लेक मार्गी लागल्यावर एक दिवस ती विभागात आली. पुन्हा नाव नोंदवायचं म्हणाली. तिच्या खणात जुन्या गाठी तशाच पडून होत्या. कुठली गाठ असली की प्रश्न अवघड होतो आणि कुठली काढली की तो पुन्हा सोपा होतो, यावर तिला सगळं नीट लावायचं होतं. सर तोवर निवृत्त होऊन सदाशिव पेठेत गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना टोमणे मारत होते. त्या विषयात गाईड होऊ शकेल अशी विभागात मी एकटीच उरले होते.

अशा रीतीने दोघींतली हुशार माझी विद्यार्थिनी झाली. तिने त्याचा पुरेपूर सूड घेतला. प्रत्येक सहीसाठी दारात उभी राहून, माझे विद्यार्थी ऐकत असताना, अदबीने विचारायची, "मॅडम, आत येऊ का?" मी दार लावून घेतलं की टेबलावर पाय सोडून बसायची आणि माझ्या डब्यात काय आहे ते बघायची. शिकवलं मी तिला काहीच नाही. उलट दोन वेळा तिने माझी चूक दाखवली आणि दोन्ही वेळा 'मॅडमच्या मार्गदर्शनाने' असं प्रबंधात लिहून ठेवलं.

तिची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खूप विचारलं आणि तिने सगळ्याची उत्तरं दिली, काहींची त्यांनी विचारायच्या आधीच. सरांना गाडी करून आणलं होतं. ते पहिल्या रांगेत बसले आणि एकही शब्द बोलले नाहीत. परीक्षक आणि सर गेल्यावर आम्ही दोघी माझ्या केबिनमध्ये बसलो. तिच्या केसांत बरंच पांढरं आलं होतं, माझ्याही. आता विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही, असं मला वाटलं.

"त्या दिवशी तू फळ्याशी आलीस," मी म्हटलं, "तेव्हा तुला माहीत होतं ना, तुझं सगळं जाणार?"

"तू ते रिकामं वर्तुळ काढलंस तेव्हाच माहीत झालं."

"मग?"

"मग काय, गप्प बसले." ती सरळ माझ्याकडे बघत होती. "म्हटलं, आता ही खडू ठेवेल, सर काहीतरी बोलतील, हिला दुसरा प्रश्न देतील आणि सगळं निभावेल. तू खडू खाली ठेवला असतास ना, तर मी उठले नसते. खरं सांगते. पण तू फळा पुसलास आणि परत पहिल्यापासून लिहायला लागलीस. मला वाटलं, हिला खात्री आहे. कोणी काही म्हणो, गाठ आहे म्हणजे आहे. एवढी खात्री असलेल्या माणसासमोर किती वेळ गप्प बसणार?"

खात्री मला कसलीच नव्हती. सर समोर बसले होते आणि 'संपलं' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची माझी छाती झाली नव्हती. दुसरं काय करावं ते न कळून मी पुन्हा लिहायला लागले होते. मी तिला तसं सांगितलं.



"म्हणजे तू घाबरली होतीस."

"हो."

"आणि मला वाटलं, श्रद्धा आहे."

"हो."

"हे तेव्हा कळलं असतं तर बसून राहिले असते गं," ती म्हणाली, आणि हसायला लागली. खुर्चीत मागे रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली. मला हसता येईना. माझी नोकरी, माझा संसार, दारावरची माझ्या नावाची पाटी, सगळं मला एकदम तिचं वाटायला लागलं, आणि मी ओंजळीत तोंड धरून रडायला लागले.

ती उठली, दार आतून लावून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हळू," ती म्हणाली. "बाहेर मुलं बसलीत. विद्यार्थिनी पास झाली म्हणून गाईड रडतेय, असं नको व्हायला."